पिवळं उशिरा दिसणाऱ्या बाई

बेहेरेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते भर रस्त्यात. त्यांनी आपली स्कूटर आडवी उभी केली होती, मागे रिक्षावाल्याने हॉर्न दाबून धरला होता, आणि बाई हातातल्या मिटलेल्या छत्रीचं टोक वर करून मला विचारत होत्या, “अहो, जरा वर बघा. या झाडाला फूल दिसतंय का?”

मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. वर न बघताच म्हणालो, “बहावा आहे तो. एप्रिल निम्मा झाला, म्हणजे असणारच.”

“असणार का, ते नाही विचारलं मी. दिसतंय का, ते विचारलं.”

मी वर बघितलं. एका लोंबत्या घोसात, अगदी वरच्या बाजूला, पिवळ्या पाकळ्या उघडल्यासारख्या वाटत होत्या. तसं सांगितलं.

“वाटतायत की उघडल्यात?”

“उघडल्यात.”

“आभारी आहे,” म्हणाल्या आणि स्कूटरला किक मारून निघून गेल्या. रिक्षावाल्याचं उरलेलं बोलणं मी एकट्याने ऐकून घेतलं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा त्याच बाई स्टाफरूममध्ये बसलेल्या दिसल्या. संख्याशास्त्र विभागात नव्याने आलेल्या निर्मला बेहेरे. मी ओळख दाखवली, तर म्हणाल्या, “हो, तुम्ही ते ‘असणारच’वाले.”

बाई यंदाच्या मार्चअखेरीस गेल्या. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली, तिथे त्यांच्याविषयी एक किस्सा सांगण्यात आला आणि सगळे प्रेमाने हसले. तो किस्सा खोटा आहे. तो सांगणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण तो मूळ माझाच. मी ऐंशीकडे आलो आहे, आणि आता हे माझ्यावाचून कोणी दुरुस्त करू शकणार नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. पण बाई कशा होत्या हे आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर त्या किश्शाने काय केलं ते कळायचं नाही.

रस्त्यावरच्या माणसाला थांबवून झाडाकडे बघायला लावायचं, ही बाईंची काम करण्याची पद्धत होती. विक्षिप्तपणा नव्हता. झाड पहिल्यांदा कधी फुललं याची नोंद करायची तर ती एकट्याच्या डोळ्यांवर करायची नाही, असा त्यांचा नेम. “डोळ्यांना आपल्याला काय हवंय ते बरोबर कळतं,” त्या म्हणायच्या. “म्हणून दुसऱ्याचे डोळे घ्यायचे. तेही अशा माणसाचे, ज्याला त्या फुलाशी काही देणंघेणं नाही.” असा माणूस पुण्यात शोधावा लागत नाही. उत्तरंही पुणेरी मिळायची. नारायण पेठेत एका गृहस्थांनी वर न बघता सांगितलं होतं, “झाड महापालिकेचं आहे. तक्रार तिकडे करा.” दुसऱ्या एकाने विचारलं, “का? पाडून हवंय का?” बाई न चिडता पुढच्या माणसाची वाट बघत उभ्या राहायच्या. छत्री त्यांनी उन्हात कधी उघडलेली मी पाहिली नाही. ती वर दाखवण्यासाठी होती.

आमच्या दोन विभागांनी मिळून एक प्रकल्प घेतला. हवामान बदलतंय, तर झाडांचं फुलणं आणि किड्यापाखरांचं बाहेर पडणं कसं सरकेल, याचं गणित मांडायचं. मॉडेल म्हणायचो आम्ही त्याला. रोजचं तापमान घालायचं आणि झाड कधी फुलेल ती तारीख काढायची. ती खऱ्या तारखेशी जुळते का बघायची. जुळली, की पुढच्या काळातलं वाढलेलं तापमान घालून तारखा कुठे जातात ते पाहायचं. आम्ही बहावा घेतला, आणि त्याच्या फुलांवर येणारा मोठा काळा भुंगा. बहाव्याला शेंग धरायची तर तो भुंगा लागतो. दोघांच्या वेळा जुळल्या पाहिजेत.

प्रकल्पाचा प्रमुख मी. मॉडेल बाईंचं. पण खोलीत बसून मॉडेल करणं त्यांना मान्य नव्हतं. “मॉडेलला सरळ रेघ आवडते, लेले. झाडाला तिचं काही कौतुक नसतं,” असं म्हणून त्या मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन जायच्या. त्यांनी निवडलेली निम्मी झाडं टेकडीवरच्या कोरड्या मुरमात होती. उरलेली कालव्याच्या कडेने, खडकवासल्यापासून शहरातून थेट लोणी काळभोरपर्यंत. लोणीला एका मळ्याच्या बांधावर बहावा होता. त्या मळ्याचे मालक बाळूदादा हे बाईंचे तिथले कायमचे साक्षीदार.

“दादा, फूल दिसतंय का?”

“न्हाई, बाई. आन् दर येळंला मलाच का इचारता? तुमाला चष्मा हाय की चांगला.”

“चष्मा माझा आहे. म्हणूनच तुम्हाला विचारते.”

बाळूदादा माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, पुण्यात ह्यांच्याशी कुनी बोलत न्हाई का वो? झाडाचं इचारायला हितवर यावं लागतंय.” बाई हसून हसून बांधावर बसल्या. त्या मोठ्याने हसायच्या, आणि हसून झालं की चटकन गंभीर होऊन विचारायच्या, “मग, नाही ना दिसत? नक्की?”

पहिली काही वर्षं मॉडेल छान चाललं. ऊन वाढलं की बहावा लवकर, भुंगाही लवकर. सरळ हिशेब. मी एका वर्तमानपत्राच्या वार्ताहराला सांगूनही टाकलं की, पुण्याचा बहावा येत्या काळात आणखी आणखी आधी फुलणार. फोटोसकट बातमी आली. कात्रण मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं. बाई ते वाचून म्हणाल्या, “झाडाने वाचलंय का?”

मग कालव्याकाठची झाडं ऐकेनाशी झाली. टेकडीवरचे बहावे उन्हाबरोबर लवकर फुलत होते, आणि कालव्यालगतचे त्याच उन्हात मागे राहत होते. पानंच सोडायला तयार नसत. बाई पुष्कळ दिवस अस्वस्थ होत्या. मग एका सकाळी स्टाफरूममध्ये अर्धा कप चहा घेता घेता (अर्धाच घ्यायच्या, उरलेला अर्धा नेहमी मला) म्हणाल्या, “त्याला आधी तहान लागावी लागते, लेले. नुसतं ऊन पुरत नाही. जमीन कोरडी पडली की तो पानं टाकतो, मग फुलतो. इथे खालून कालवा झिरपतोय, वरून अवकाळी पाऊस येऊन जातोय. त्याला कसली घाई असणार? आणि भुंगा तर उन्हाने आधीच बाहेर पडलेला. तो येऊन बसणार, आणि फूलच नाही.”

त्यांच्या समीकरणात एक नवा घटक आला. त्याला त्यांनी नाव दिलं ‘तहान’. ऊन वाढतंय आणि अवकाळीही वाढतोय, तेव्हा झाड लवकर की उशिरा याचं एक उत्तर मिळणार नाही, जागेप्रमाणे निरनिराळं मिळेल. आणि झाड नि भुंगा यांची चुकामूक होईल, हे त्यांचं म्हणणं. पुढे काय बघायचं तेही सांगितलं होतं त्यांनी. “फुलं बघून लोक खूश होतील. तुम्ही शेंगा बघा.”

मला हे नको होतं. दोन कारणं होती आणि दोन्ही क्षुद्र होती. एक ते कात्रण. दुसरं, प्रकल्पाला पुढची मुदत मिळायची होती, आणि ‘ऋतू लवकर येताहेत’ हे एका वाक्यात सांगता येत होतं. ‘काही झाडं लवकर, काही उशिरा, कारण तहान’ हे निधी देणाऱ्या मुंबईच्या माणसांना कसं सांगायचं? मी बाईंना सुचवलं की कालव्याकाठच्या नोंदी अपवाद म्हणून बाजूला ठेवाव्यात. शास्त्रात असं करतात. कधी करणं योग्यही असतं.

“जी झाडं आपलं ऐकत नाहीत ती वर्गाबाहेर काढायची?” त्या म्हणाल्या. “मग वर्गात उरतील कोण? होयबा.”

त्या वर्षीचा एप्रिल मला लख्ख आठवतो. मार्चमध्ये अवकाळी बरसून गेला होता, आणि वर कडक ऊन. माझ्या हिशेबाने कालव्याकाठचा शहरातला बहावा फुलून जायला हवा होता. संध्याकाळी आम्ही त्याच्याखाली उभे होतो. काळा भुंगा घरघरत फांद्यांमधून फिरत होता. रस्ता रिकामा, साक्षीदार कोणी येईना. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

“खरं म्हणजे तुम्ही चालत नाही. तुम्हाला फूल हवंय,” त्या म्हणाल्या. “पण म्हणूनच, तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर ते सगळ्यात खरं. बघा वर. फूल दिसतंय का?”

मी बराच वेळ बघितलं. झाडाभोवती फिरून बघितलं. कालव्याच्या कठड्यावर चढून बघितलं. नुसती हिरवी पानं. कळीसुद्धा नव्हती.

“नाही,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नाही दिसत, बाई.”

त्यांनी मान डोलावली. परत येताना स्कूटर नेहमीपेक्षा हळू चालवत होत्या. म्हणाल्या, “डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय माझ्या. कोणाला बोलले नाहीये. आता दुसरे डोळे आणखीच लागणार.” मी म्हणालो, “आम्ही आहोत की.”

महिन्याभरात बैठक झाली. निधी देणाऱ्या संस्थेचे लोक आले होते, प्राचार्य होते, दोन्ही विभाग होते. बाईंनी पडद्यावर कालव्याकाठची झाडं दाखवली, आणि जुनं मॉडेल तिथे कसं फसतं ते त्यांच्या पद्धतीने, आडपडदा न ठेवता सांगितलं. पाहुण्यांपैकी एकाने पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, “लेले सर, म्हणजे नक्की काय? झाडं लवकर फुलतायत की उशिरा?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “झाडं लवकरच फुलतायत. बेहेरेबाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्यांना पिवळं जरा उशिरा दिसतं.”

खोली हसली. प्राचार्य हसले, पाहुणे हसले, बाईंच्या विभागातली माणसंही हसली. आपल्या गावात चुरचुरीत बोलणं हा मोठा गुण समजतात, आणि ते समोरच्याला लागलं की गुण आणखी वाढतो. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि बसल्या. पुढच्या स्लाइड त्यांनी दाखवल्या नाहीत.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. आवाज चढलेला नव्हता.

“लेले, त्या संध्याकाळी तुम्हाला काय दिसलं होतं?”

मला उत्तर येत होतं. खाली पाहुण्यांची गाडी उभी होती, मला त्यांना जेवायला न्यायचं होतं. मी म्हणालो, “मला नीटसं आठवत नाही, बाई.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फुलाकडे बघायच्या तशा. मग म्हणाल्या, “बरं.”

अहवालात कालव्याकाठची झाडं आली नाहीत. का, ते तळटिपेत दिलं होतं: निरीक्षकाच्या दृष्टिदोषामुळे या नोंदी विश्लेषणातून वगळल्या आहेत. हे वाक्य माझं आहे. प्रकल्पाला मुदत मिळाली. बाईंनी आपण होऊन त्यातून नाव काढून घेतलं आणि पहिल्या वर्षाच्या वर्गांना शिकवायला लागल्या. त्यांच्याकडे संशोधनाला विद्यार्थी येईनासे झाले. जी बाई स्वतःच्या डोळ्यांवर कधी विसंबली नाही, ती डोळ्यांमुळे चुकते अशी तिची ख्याती झाली. स्टाफरूममध्ये कोणी उशिरा आलं, की ‘यांना घड्याळ बेहेरेबाईंसारखं दिसतं’ असं म्हणण्यापर्यंत ती कोटी गेली. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. चहा त्या आता पूर्ण कप घेत.

हिवाळ्यात त्यांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. पुढच्या एप्रिलमध्ये, काळा चष्मा लावून, त्या माझ्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या.

“ऑपरेशन छान झालं, लेले. आता सगळं लख्ख दिसतं. तुमच्या शर्टाची कॉलर मळलीय तीसुद्धा. बहावा मात्र अजून हिरवाच आहे. चला बघायला.”

मी म्हणालो, मला एक बैठक आहे. खरोखरच होती.

“असणारच,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर आम्ही वर्षानुवर्षं एका इमारतीत काम केलं, समोरासमोर आलो की हसलो, एकमेकांच्या निवृत्तीच्या समारंभाला गेलो. माझ्या समारंभात त्या माझ्याबद्दल चांगलं बोलल्या. मी वक्तशीर आहे असं म्हणाल्या. त्यांच्या समारंभात मी काय बोललो ते मला खरोखरच आठवत नाही.

त्यांचं म्हणणं सगळंच बरोबर होतं, असा दावा मी करत नाही. ते तपासायचं तर पुष्कळ वर्षांचं काम लागलं असतं, आणि ते काम मी थांबवलं. इतकंच सांगू शकतो की सकाळी फिरायला जाताना मी कालव्याकाठच्या त्या बहाव्याच्या शेंगा बघतो. पूर्वी काळ्या लांब शेंगांनी झाड खडखडायचं. हल्ली फुलं येतात, मोबाइलवर त्यांचे फोटो निघतात, आणि नंतर एखाददुसरी शेंग दिसते. कधी तीही नाही.

शोकसभेत संख्याशास्त्राचे आताचे विभागप्रमुख कौस्तुभ बोलले. चांगला मुलगा. बाई निवृत्त झाल्यावर आला, पण त्यांना घरी जाऊन भेटायचा. त्याने सांगितलं, “बेहेरेमॅम स्वतःवर हसू शकायच्या. त्यांना म्हणे पिवळं उशिरा दिसायचं! आम्ही अजून डिपार्टमेंटमध्ये त्यावरून जोक करतो.” सभागृहात ओलसर हसू पसरलं. मग मला बोलायला बोलावलं. मी म्हणालो, बाई काटेकोर होत्या, स्पष्टवक्त्या होत्या, त्यांच्या आत्म्याला शांती लाभो. आणि खाली बसलो. म्हणजे खरं सांगायचं पुन्हा टाळलं.

चार दिवसांनी कौस्तुभला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, “सर, तुम्ही त्रास करून घेऊ नका. इतकी वर्षं झाली. आणि खरं सांगू, किस्सा क्यूट आहे. मुलांना मॅम त्यामुळेच लक्षात राहतात.”

“पण तो खोटा आहे.”

“हो, पण सर, आता त्यांना काय फरक पडतो?”

मी फोन ठेवला. त्याचा राग आला नाही. खोली हसली होती तेव्हा तो शाळेत असेल. थकायला मात्र झालं. कोटी एका वाक्याची असते आणि तिचं खंडन इतकं लांबतं, हे मला आधी कळायला हवं होतं.

परवा संध्याकाळी कालव्यावर गेलो. यंदाही मार्चमध्ये पाऊस येऊन गेला होता. बहाव्यासमोर आता एक मोठी सोसायटी झाली आहे. फाटकावर खुर्ची टाकून वॉचमन बसला होता, विदर्भाकडचा असावा. मी काठीचं टोक वर केलं.

“अहो, जरा इकडे येता? या झाडाला फूल दिसतंय का?”

तो उठून आला. कपाळावर हात धरून त्याने नीट बघितलं. “नाही जी. पानंच पानं दिसून राहिले.”

“नक्की?”

“आता नाही तं नाही जी.” तो माझ्याकडे वळला. “तुमाले काय दिसून राहिलं?”

हा प्रश्न मला यापूर्वी एकदाच कोणी विचारला होता, जिन्यात. मी वर बघितलं. काळा भुंगा घरघरत फांद्यांमधून फिरत होता आणि बसायला जागा शोधत होता.

“मलाही नाही दिसत,” मी म्हणालो. “आणि त्या वर्षीही नव्हतं दिसलं. कठड्यावर चढून बघितलं होतं मी.”

“कोन्त्या वर्षी?” त्याने विचारलं.

त्याने दुसरी खुर्ची आणली. मी बसलो आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागलो.